फादरनं स्वेटर का दिला

थर्माकोलचा क्रूस, डावीकडे कललेला.

लाल स्वेटर, मापाला मोठा.

तालीम संपत नाही, आणि बाहेर आम्हाला घरी न्यायला आलेली कामरगावची जीप हॉर्नवर हॉर्न मारतेय.

"मॅडम, त्यानं केलं का नाही केलं?"

हा प्रश्न प्रसेनजित सरांचा. गणिताचे मास्तर. स्नेहसंमेलनात आम्ही शिक्षकच नाटक करणार होतो. मी लिहिलेलं. कॅथलिक शाळेतले फादर वसतिगृहातल्या एका मुलीला स्वेटर देतात, सिस्टरला संशय येतो. बस. सिस्टर मी, फादर प्रसेनजित. खरं काय, ते नाटक सांगत नाही.

"तहसीन मॅडम, एक वाक्य टाका. फादर निर्दोष आहे म्हना."

"नाही."

"मंग दोषी म्हना."

"तेही नाही. लोकांनी विचार करावा म्हणून तर..."

"लोक विचार नाही करत, मॅडम. लोक माह्या घरी पोरी शिकवनीले पाठवतात."

रोज हेच. चहाच्या वेळी, प्रार्थनेच्या रांगेत, पेपर तपासताना. वैताग नुसता.

प्रयोग. शेवटचा प्रवेश.

मी: फादर, स्वेटर का दिला?

फादर: (गप्प. पडदा.)

असं मी लिहिलं होतं. प्रसेनजित क्रूस ओलांडून पुढे आले, पालकांकडे वळले, हात जोडले.

"मी काहीच केलं नाही. आईशप्पथ. मी तसा मानूस नाही."

कोणता फादर आईशप्पथ म्हणतो? कोणता?

मग पुढच्या रांगेतून लिलाबाई, सातवीतल्या सपनाची आई: "फादरची गोष्ट चालू होती ना बाप्पा? मंग सर काहून शपथा घेऊन राह्यले?"

दुसऱ्या दिवशी मी तिच्या दारात. नाटक होतं हो ते. स्वेटर माझ्या भाचीचा.

"हो ना, नाटकच. लय मस्त झालं," लिलाबाई म्हणाली. "पन सपना शिकवनीले नाही येनार. सकाळी थंडी असते."

"मग स्वेटर घाला तिला!"

तिनं दार लोटून घेतलं.

प्रसेनजितच्या ओसरीवर चटया अंथरलेल्या. एकही पोरगी नाही.

"गप्प राहा म्हटलं होतं तुम्हाला," मी म्हणाले. "तेवढंच काम होतं."

"तेच तर जमत नव्हतं मले, मॅडम."

भूमिका वाटल्या त्या दिवशी प्रसेनजित सरांनी पडदा ओढायचं काम मागितलं होतं.