पत्त्यांपुढचं गाऱ्हाणं

साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी रेणुका घरी दोन कामं हमखास करायची, खाकी गणवेशाला इस्त्री आणि पत्त्यांची मांडणी. इस्त्री एकदाच व्हायची. मांडणी मात्र मनासारखे पत्ते पडेपर्यंत चालायची, आणि ते काही केल्या पडत नव्हते.

हे पत्ते टॅरोचे होते. रेणुका रत्नागिरी-जयगड एसटीवर कंडक्टर. त्याच गाडीने रोज कॉलेजात शिकवायला जाणाऱ्या ईशा मॅडमनी आपला जुना जोड तिला देऊन टाकला होता आणि देताना बजावलं होतं, यांना भविष्य विचारायचं नाही. चित्र बघायचं आणि ते बघताना आपल्या मनात काय हलतं तिकडे लक्ष द्यायचं. दोन वाटांची मांडणीही त्यांनीच शिकवली. मधला पत्ता आपण, डावीकडे एक वाट, उजवीकडे दुसरी आणि वरचा एक पत्ता आपल्याला न दिसणाऱ्या गोष्टीचा. रेणुकाने तिकीट मशिनवरची बोटं न थांबवता सगळं ऐकून घेतलं होतं.

तिच्यापुढे वाटा दोनच होत्या. तिची मुंबईची विनंती बदली मंजूर झाली होती आणि जाणार की नाही हे सोमवारी डेपोत सांगायचं होतं. आता विनंती तिचीच म्हणायची, पण अर्ज करायला लावला तो नवऱ्याने, प्रथमेशने. तिने सही ठोकली, कारण असल्या विनंत्या कोणी मंजूर करत असेल असं तिच्या स्वप्नातही नव्हतं. प्रथमेश लग्नाआधीपासून मुंबईला औषधांच्या गोदामात. स्वभावाने गरीब, गणपतीला आणि शिमग्याला येणारा, रोज रात्री न चुकता फोन करणारा. त्याने ठाण्याजवळ दिवा गावात तिसऱ्या मजल्यावर खोली घेतली होती. मुलगी संस्कृती नर्सिंगसाठी कोल्हापूरला गेल्यापासून त्याचं एकच पालुपद होतं, आता तरी ये. रेणुकाचंही उत्तर ठरलेलं होतं. आईंचा गुडघा. लिफ्ट नसलेल्या इमारतीत त्यांना न्यायचं कसं आणि मागे एकटं ठेवायचं कसं? आईच्या गुडघ्यापुढे प्रथमेश काय बोलणार? तो विषय बदलायचा.

त्या दिवशी दुपारी तिने ओटीवर चटई टाकून पुन्हा पत्ते मांडले. मनात धरलं, डावी वाट मुंबईची आणि उजवी इथली. उजवीकडे रथ आला. बरं वाटलं, म्हटलं ही आपली गाडीच. मग शंका आली, रथ म्हणजे प्रवास, म्हणजे मुंबई तर नव्हे? तिने पत्ते गोळा करून पुन्हा पिसले. दुसऱ्या खेपेला मधोमध ती बाई आली, डोळ्यांवर पट्टी बांधून दोन हातांत दोन तलवारी धरून बसलेली. ती हल्ली फारच वेळा यायची. रेणुकाला तिचा राग आला. तिने तिसऱ्यांदा पत्ते मांडले आणि या खेपेला उलटे ठेवले, उघडायचा धीरच होईना.

सासूबाई, विमलाबाई, पलीकडे भिंतीला टेकून, पाय लांब करून कडवे वाल सोलत बसल्या होत्या. सून पत्ते मांडते आणि मोडते हे त्या कितीतरी दिवस बघत होत्या. आज त्यांच्याने राहवलं नाही.

"कौल लावतंयस ना गो? मग गाऱ्हाणा घातलास काय?"

रेणुकाने समजावून सांगितलं की हा कौल नाही, यात देव नाही, ही नुसती चित्रं आहेत, आपलं मन आपल्याला कळावं म्हणून. विमलाबाईंनी ते सगळं शांतपणे ऐकलं आणि त्यांना काडीचंही पटलं नाही. विचारायचं तर आधी सगळं खरंखरं बोलून दाखवायला नको? त्यांचे यजमान, राजाराम, गावच्या देवळात सगळ्यांच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायचे. पालखीपुढे त्यांचा आवाज पार खालच्या वहाळाच्या पाण्यापर्यंत जायचा. बायकांनी मागे उभं राहायचं. विमलाबाईंनी जन्मभर मागे उभं राहून ओठांतल्या ओठांत सगळं पाठ केलं होतं. आता ते नव्हते आणि इथे देऊळही नव्हतं. त्यांनी वालाची परडी बाजूला सारली, पदर डोक्यावरून घेतला आणि हात जोडले.

रेणुकाला हसू फुटत होतं. पण गाऱ्हाण्याला दर वाक्यामागे 'व्हय म्हाराजा' म्हणत साथ देणारं कोणीतरी लागतंच, तेव्हा तीही सावरून बसली.

"हे म्हाराजा, तू चितारलेला असलास तरी आज आमच्या ओटीवर आलायस."

"व्हय म्हाराजा," रेणुका म्हणाली.

"ही माजी सून तुज्याम्होरं बसलीय. गाडीवर उभी ऱ्हाऊन हिनं घर चालवलान, पोरीला शिकवलान."

"व्हय म्हाराजा."

"हिचा घोव मुंबयला एकटा हाय. हातानं रांधून खातो."

"व्हय म्हाराजा." आता तिला हसू येत नव्हतं.

विमलाबाईंचा आवाज जरा खाली आला. "हिला त्याच्याकडं जायाचा हाय, म्हाराजा. माज्या या गुडघ्यापायी ती हितं अडकून पडलीय. त्याचा पाप माज्या माथी. आता हिला मोकळी कर."

रेणुकाने पत्त्यांवरची नजर सासूबाईंकडे वळवली.

विमलाबाई डोळे मिटून तिच्या साथीसाठी थांबल्या होत्या. गाऱ्हाणं तिथेच अडलं. मग त्यांनी डोळे उघडले. "व्हय म्हण की गो," त्या हळूच म्हणाल्या.

"नाही म्हणवत, आई."

तिला एकदम रडूच आलं. इतके दिवस आपण फोनवर सोयीने टाकलेलं एक वाक्य ही म्हातारी आतल्या खोलीत ऐकत होती आणि पाप म्हणून डोक्यावर घेत होती. आपल्याला याची कल्पनाही नव्हती. तिला स्वतःची लाज वाटली. पत्ते उघडायची आता गरजच उरली नव्हती.

तिने हात जोडले. कोणासमोर ते तिलाही सांगता आलं नसतं.

"म्हाराजा, मला जायचं नाही. मला माझी गाडी आवडते. जयगडच्या वाटेवरच्या खंडाळ्याच्या थांब्यावर बायका माझ्यासाठी थांबतात ते आवडतं. त्या खोलीत मी कोणाची तरी बायको म्हणून फक्त बसून राहीन, असं वाटतं. गुडघ्याचं मी निमित्त केलं. आईंचा काही दोष नाही."

आता साथ विमलाबाईंनी द्यायची होती. त्या सुनेकडे बघत राहिल्या. मुलगा तिकडे एकटा होता आणि तो त्यांच्या पोटचा होता. ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं आणि रेणुकाने नजर खाली घातली.

"व्हय म्हाराजा," विमलाबाई शेवटी म्हणाल्या. मग पदराने नाक पुसून म्हणाल्या, "पन ह्या अर्धाच झाला. ज्याचा हाय त्याला सांग."

रेणुकाने फोन लावला आणि तो दोघींच्या मधे, उलट्या पत्त्यांवर ठेवला. प्रथमेशने उचलला. दुपारचा फोन म्हणून आधी घाबरला. तिने त्याला सगळं सांगितलं, जसं पत्त्यांपुढे सांगितलं होतं तसंच, काही न गाळता. सोमवारी आपण नाही म्हणणार, हेही सांगितलं.

तो हो म्हणाला नाही आणि चिडलाही नाही. शिमग्याला आलो की समोर बसून बोलू, एवढं म्हणाला. रेणुकाला वाटलं आता तो फोन ठेवेल.

"एक सांग," तो म्हणाला. "आईचा गुडघा तरी खरा आहे ना?"

विमलाबाई फोनवर वाकल्या.

"गुडघा खरा हाय रे बाबा," त्या म्हणाल्या. "पन तो तुमच्या दोगांच्या मधी आता न्हाय."