खडूचे ठिपके

तनयाच्या ठोशाने आजवर कोणी खाली पडलं नव्हतं, आणि भालचंद्र करंदीकरांच्या मनात संशयाचा किडा शिरला तो तिथूनच.

मुष्टियुद्धात त्यांची पोरगी ओळीने जिंकत होती. पण समोरच्या मुलीच्या नाकातून कधी रक्त आलं नाही, कधी कोणी गुडघ्यावर बसलं नाही. धाडधाड आवाज यायचे ते समोरचीच्या ठोशांचे, आणि शेवटी हात उंचावला जायचा तनयाचा. भालचंद्रांची सगळी नोकरी एका सरकारी कंपनीच्या दक्षता विभागात गेलेली. फळ दिसतं पण कारण दिसत नाही, तिथे टेबलाखाली वाकून बघायचं, ही सवय हाडात मुरलेली.

शिवाय तिचा क्लब चालायचा गुडगावच्या एका बिल्डरच्या पैशावर. मुलींच्या बनियनवर त्याच्या टॉवरचं चित्र. ते राहायचे त्या दिल्लीच्या द्वारका उपनगरात तेव्हा मेट्रोचे खांब उभे राहत होते, रोज एक नवी सोसायटी उगवत होती, आणि त्यातल्या निम्म्या तरी पाकिटांच्या पायावर उभ्या आहेत, असं भालचंद्रांचं ठाम मत होतं. गुण द्यायला रिंगणाभोवती पाच पंच बसत. ठोसा लागला की बटण दाबायचं. तिघांनी एकदम दाबलं तर गुण. म्हणजे तिघांना खिशात घातलं की झालं, असा त्यांचा हिशेब. त्यांच्या पत्नी सुहासिनीबाईंनी एकदा विचारलंही, की पोरगी जिंकते याचं दुःख होणारा बाप दिल्लीत दुसरा आहे का.

मग एक दिवस तनयाच्या ग्लव्हजच्या शिवणीत त्यांना पांढरी पूड सापडली. तिला वास नव्हता. समोरचीच्या डोळ्यांत जावी म्हणून तर नाही? रविवारी दिल्लीच्या संघाच्या निवडीची शेवटची लढत होती. त्यांनी ठरवून टाकलं, की यात काही काळंबेरं निघालं, तर आपणच निवड समितीकडे जायचं आणि पोरीचं नाव मागे घ्यायचं.

शनिवारी सकाळी कोणाला न सांगता ते सेक्टरच्या कम्युनिटी हॉलमागे जाऊन खिडकीशी उभे राहिले. आत श्यामसिंग, तनयाचे प्रशिक्षक, फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार, एका डबीतून ती पूड काढून ग्लव्हजवर चोळत होते. मात्र तनयाच्याच नव्हे, तिच्यासमोर उभ्या असलेल्या, क्लबमधल्याच दणकट राधाच्याही.

सराव सुरू झाला. राधाचे ठोसे असे वाजत होते, की भालचंद्रांनी मनातल्या मनात तिलाच जिंकवून टाकलं. घंटा झाल्यावर श्यामसिंगांनी दोघींना उजेडात उभं केलं. तनयाचे दंड आणि कोपरं कणीक मळल्यासारखी पांढरी झाली होती, तोंड मात्र स्वच्छ. आणि राधाच्या कपाळावर, नाकावर, छातीवर ठिपकेच ठिपके.

"बाबा, खिडकीतून काय बघताय? आत या ना," तनयाने हाक मारली.

चोरी पकडली गेल्यासारखे ते आत आले. पुडीचं विचारलं. खडूची होती ती, श्यामसिंगांनी सांगितलं. हातांवर अडलेल्या ठोशाचा आवाज मोठा येतो, पण त्याला गुण नाही. तोंडावर किंवा छातीवर नीट टेकला तरच गुण. तो कुठे टेकला, हे सरावात खडू सांगतो. भालचंद्रांनी मान डोलावली, पण चेहरा तसाच राहिला. तनया त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"हात वर धरा. मला अडवा."

त्यांनी हात धरले. ती डावीकडून येताना दिसली आणि तिथे नव्हतीच. कोणी कुंकू लावावं इतकंच काहीतरी कपाळाला तीनदा लागलं. खिडकीच्या काचेत त्यांनी पाहिलं, तर तीन ठिपके.

"अंकल, ये तो प्यार से था," राधा म्हणाली. "मेरी नाक से पूछो."

तनया हसली नाही. "मी चीटिंग करते असं वाटलं तुम्हाला?"

"वाटलं," ते म्हणाले. खोटं बोलणं त्यांना कधी जमलं नव्हतं. तिने ग्लव्हज काढून पिशवीत कोंबले आणि ती त्यांच्या पुढे चालू लागली.

रविवारी ते रिंगणाच्या अगदी जवळ बसले. पहिल्या फेरीपासूनच काहीतरी बिनसलेलं होतं. आज आवाज तनयाच्या हातांचे येत होते. ती पाय रोवून, खांद्यापासून जोर काढून मारत होती, आणि समोरची मुलगी ते सगळं दंडांवर झेलून मधूनच तिला टिपत होती. तनया गुणांत मागे पडली. आपल्या डोळ्यांसमोर एकदा तरी कोणाला पाडून दाखवायचं म्हणून ती लढते आहे, हे भालचंद्रांना कळलं.

फेरी संपली. ती कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली, नजर बापाकडेच. तिथवर जायची परवानगी नव्हती. भालचंद्र उभे राहिले आणि काल ठिपके उठले होते तिथे, कपाळावर, त्यांनी बोट तीनदा हलकेच टेकवलं. मागून कोणीतरी त्यांना खाली बसायला सांगितलं. तनया बघत राहिली. मग तिने मान खाली घातली आणि खांदे सैल सोडले.

पुढच्या फेऱ्यांत तिच्या हातांचा आवाज आला नाही.

शेवटी पंचाने तिचा हात उंचावला तेव्हा समोरची मुलगी ताठ उभी होती. भालचंद्रांनी या खेपेला गुणफलकाकडे पाहिलंच नाही.