खिंडीतला ओझ्याचा दगड

मी एक जुना दगड आहे, मित्रांनो. देव नाही, मैलाचा दगडही नाही. कात्रजच्या वर तीन पायवाटा जिथे भेटत, तिथे कुणीतरी मला कंबरेइतकं उंच घडवून उभं केलं. कारण साधं होतं. भरलेली पाटी एकट्या बाईला जमिनीवरून डोक्यावर घेता येत नाही. माझ्यावरून येते.

एक वाट घाटातल्या गावांची, एक लोणी काळभोरकडची, एक खाली पुण्याची. द्वारका घाटातली करवंदं घेऊन नारायण पेठेत विकायला निघायची. हिरा लोणीचा गूळ घेऊन वरच्या गावांना जायची. दोघींची गाठ माझ्यापाशीच. मूठभर करवंदं, गुळाचा खडा आणि सासवांची उणीदुणी! एकमेकींचं घर त्यांनी कधी पाहिलं नाही. गरजच काय होती? दगड होता ना.

मग डोंगर फोडून रुंद रस्ता आला. टेम्पो आले, पायवाटांवर प्लॉट पडले. संगणकवाल्यांची सोसायटी उभी राहिली आणि मला उचलून तिच्या हिरवळीत बसवलं. शेजारी फलक लावला, ‘प्राचीन शिळा. स्पर्श करू नये.’ मान मिळाला खरा. पण माझ्यावर कुणी काही टेकवेना. रात्रंदिवस मी त्या वाटांकडे कान लावून असायचो.

एके सकाळी म्हातारी द्वारका गेटातून आत शिरली. तिथेच राहणारी सृष्टी म्हणाली, “आजी, हात नका लावू. सोसायटीचा आहे.”

“व्हय का? आन् सोसायटी कधी जन्मली म्हणायची?” द्वारकेचा हात माझ्यावरच होता. “भायेर ठेवा गं ह्याला. हिरा आली तर मला कुठं हुडकंल? तिला माझं घर ठावं न्हाई, ह्यो दगड ठावा हाय.”

सृष्टी कमिटीशी भांडली. कमिटीने आधी विचारलं, “या हिराबाईंचा फ्लॅट नंबर काय?” पण अखेर मी गेटाबाहेर, बसथांब्यापाशी आलो.

हिरा अजून आलेली नाही. द्वारका मात्र येऊन बसते. काल कंपनीच्या बससाठी थांबलेल्या एका मुलीने लॅपटॉपची जड बॅग माझ्यावर टेकवली.

“लोणीकडची का गं?”

“नाही आजी, यवतमाळची.”

“लई लांबची वाट. सासू कशी हाय?”

“लग्न कुठे झालंय अजून!”

“मग आईचं सांग.”

मुलगी सांगत राहिली. एक बस तिने सोडून दिली.

मित्रांनो, आम्हा जुन्यांना जपायचंच असेल, तर हिरवळीत नका ठेवू. वाटेवर राहू द्या, आणि येताजाता ओझं टेकवा. कोण कुठून आलं, तेही विचारा. न जाणो, तुमच्यातलीच एखादी हिराची नात निघायची.