एस माझं, एक्स जावयाचं

इंग्रजी-मराठी शब्दकोशासाठी संपादकांनी आम्हाला एकेक अक्षर वाटून दिलं. माझ्या वाट्याला एस आलं, त्यांच्या जावयाच्या वाट्याला एक्स. एसचे शब्द साडेसात हजार. नुसत्या 'सेट'चे अर्थ लावता लावता माझ्या चष्म्याचा नंबर वाढला. जावईबापूंनी एक्स-रे, झायलोफोन आणि आणखी काही किरकोळ शब्द उरकले आणि ते मोकळे झाले.

काल उपसंपादकाची जागा त्यांना मिळाली. मी तडक केबिनमध्ये गेले.

"सर, सहा वर्षं मी काय इथे माशा मारत होते?"

"चिडू नका हो बाई. दोघांनीही एकेक अक्षर पूर्ण केलं. त्यांचं आधी झालं, इतकंच."

"आणि सुधारित आवृत्ती?"

"सोमवारपासून. एस तुम्हीच घ्या, तुमचा हात बसलाय."

"नको. सगळी अक्षरं सारखीच, तर मी एक्स घेते. एस जावईबापूंना द्या. त्यांचं लवकर होतं."

सर हसले. मी हसले नाही. एसच्या कागदांचे अकरा गठ्ठे मी एकेक करून उपसंपादकांच्या टेबलावर रचले. सातव्या गठ्ठ्याला ते दिसेनासे झाले.