मामींनी मला खळ घातली

मी मोजा बोलतोय. नाक दाबू नका, पायातला नाही! विमानतळावर उंच खांबाला लटकतो ना, नारंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा, माणसापेक्षा लांब, तो मी.

माझा जन्म एका टेलरकाकांच्या दुकानात झाला. दोन दप्तरं आणि एका तंबूच्या मधे त्यांनी मला शिवलं. दोन्ही टोकं उघडी. वारा इकडून घ्यायचा, तिकडून सोडायचा. मागच्या बाकावरची पोरं बाईंचं ऐकतात ना, अगदी तसं. वारा जोरात असला की मी आडवा, ताठ. नसला की लोंबतो. संपलं काम.

पण पायलट लोक वरून आधी मलाच बघतात. आमची धावपट्टी चिमुकली, आणि ती संपली की डोंगर. उतरायचं फक्त दरीकडून. तेव्हा पाठीमागून वारा आला की विमान थांबता थांबत नाही. शेवटच्या वळणानंतर तर माघारही नाही. डोंगर काय, बाजूला थोडाच सरकणार!

मला सांभाळायचे मामा. अख्ख्या विमानतळाचे मामा, त्यामुळे त्यांची बायको आपोआप मामी. कुंपणापलीकडेच त्यांचं घर.

एकदा मोठे परीक्षक येणार होते. एका कॅप्टनताईंची परीक्षा होती. इथे विमान उतरवायची परवानगी मिळवायची त्यांची दुसरी आणि शेवटची खेप. पहिल्या खेपेला नापास झालेल्या. आदल्या दिवशी मामांनी मला खाली उतरवलं आणि घरी नेलं.

"अगं, हा बघ कसा लोंबतोय. साहेबांसमोर शोभतं का?"

"द्या इकडे," मामी म्हणाल्या. "माझ्या हातची खळ आहे. वादळ आलं तरी वाकणार नाही."

मला धुतलं, खळीत बुचकळलं, पिंपावर चढवून उन्हात वाळवलं. मी पापडासारखा कडक! सकाळी खांबावर चढलो तेव्हा वाऱ्याचा पत्ता नव्हता, आणि मी डोंगराकडे शेपूट करून तोफेसारखा आडवा. खरं सांगतो, जाम भारी वाटलं. आयुष्यात पहिल्यांदाच रुबाब!

तेवढ्यात विमान आलं. मामांच्या हातातला वॉकीटॉकी खरखरला.

"वारा नाही. उतरा," टॉवरवाला म्हणाला.

"नाही कसा?" कॅप्टनताईंचा आवाज. "मोजा ताठ आहे. मागून वारा दाखवतोय."

मग विमानात ताईंच्या शेजारी बसलेल्या परीक्षकांचा जाड आवाज, "टॉवर म्हणतोय ना नाही म्हणून?"

मी ओरडून सांगणार होतो, पण तोंडातही खळ! शेवटचं वळण जवळ आलं आणि ताईंनी विमान सरळ वर उचललं. गेल्या निघून.

मामांना कळेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग कुंपणापलीकडे. दोरीवर मामींची चादर निपचित पडलेली. मामांनी कपाळावर हात मारला.

"अरे बंब आणा! पाणी मारा मोज्यावर!"

बंबवाल्यांना कित्येक महिन्यांत एकही आग मिळाली नव्हती. ते असे तुटून पडले की मी खांबासकट हललो. दोन मिनिटांत माझा रुबाब चिखलात ठिबकत होता आणि मी नेहमीसारखा लोंबत होतो.

"आता दोघं एकच सांगतायत," चक्कर मारून परत आलेल्या ताई वॉकीटॉकीवर म्हणाल्या आणि अलगद उतरल्या.

परीक्षक तरातरा माझ्या खाली येऊन उभे राहिले. "मी सांगूनही का वळलात?"

"सर, टॉवर एक सांगत होता, मोजा दुसरं. खोटं कोण बोलतंय ते वरून कळेना. मग डोंगर बाजूला सरकेल यावर कशाला विश्वास ठेवू?"

तेवढ्यात माझा एक थेंब बरोब्बर साहेबांच्या टकलावर. त्यांनी बोट लावलं. "हे चिकट काय आहे?"

"खळ, साहेब," मामा जमिनीकडे बघत म्हणाले. "आपल्या स्वागतासाठी."

साहेबांनी एकदा मला पाहिलं, एकदा मामांना. मग पेन काढलं. "कॅप्टन, पास. मामा, तुम्ही नापास. मोज्याला पुन्हा हात लावायचा तर मला विचारून!"

आता मी म्हातारा झालोय. रंग उडाला, शिवण उसवली, नवा मोजा कपाटात घडी घालून तयार आहे. त्याला खांबावर खुशाल चढवा. फक्त मामींना दाखवू नका! आणि तो लोंबताना दिसला तर आळशी म्हणू नका हो. तो लोंबतोय, म्हणजे खरं बोलतोय.