लोण्यातली सुरी

मी डबा बोलतोय. नारिंगी, दोन कड्यांचा, झाकणावर कोल्ह्याचं चित्र असलेला, आणि स्वभावाने चिडका झालेला. जन्मतः मी असा नव्हतो. माझ्या जागी दुसरा कुणी असता तर त्याच्या कड्या कधीच तडकल्या असत्या, हे तुम्ही सगळं ऐकल्यावर कबूल कराल.

जन्माचं सांगण्यासारखं काही नाही. साच्यातून निघालो, आणि ऑगस्टात शाळा उघडायच्या आधी दुकानात जो डब्यांचा ढीग लागतो त्यात येऊन पडलो. विग्गा नावाच्या पोरीने मला ढिगाच्या अगदी मधून ओढलं, त्यामुळे माझी निम्मी भावंडं फरशीवर गडगडली.

"हाच! कोल्हेवाला!" ती ओरडली.

तिचे बाबा, एस्बेन, गुडघ्यांवर बसून एकेक डबा उचलत आणि येणाऱ्याजाणाऱ्याची माफी मागत राहिले. तेव्हाच मला कळलं की हा माणूस मनाने चांगला आहे. पुढे मला त्याचा जो काही संताप आला, तो हे ठाऊक असूनही आला, हे आधीच सांगून ठेवतो.

हॉर्सेन्स नावाच्या गावातलं त्यांचं तिघांचं घर. एस्बेन, थोरला मुलगा माल्थे आणि विग्गा. विग्गाची आई ती तान्ही असतानाच गेली. त्यामुळे मुलांचे डबे भरणं हे एस्बेनच्या लेखी नुसतं काम नव्हतं, ती त्याची इभ्रत होती. पावाचे काप एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये कागद, काकडी एका मापाची, गाजर सोलून. ते गाजर रोज सकाळी शाळेत जायचं आणि दुपारी जसंच्या तसं घरी यायचं. पण म्हणून एस्बेनने ते घालणं सोडलं नाही.

पहिलीत असताना विग्गाचं पोट दुखायला लागलं. चेहरा पांढराफटक, वजन वाढेना. इस्पितळात तपासण्या झाल्या आणि निदान झालं सिलिॲकचं. गहू, जव आणि राय या धान्यांत जे ग्लूटेन असतं ते तिच्या आतड्याला सोसत नाही. थोडं चालतं असंही नाही. कणभरसुद्धा नाही.

एस्बेन कामाला लागला. दुकानात चष्मा कपाळावर चढवून पाकिटांवरची मुंगीएवढी अक्षरं वाचायला लागला. घरात दुसरा टोस्टर आला, पाव कापायची दुसरी फळी आली, तांबड्या अक्षरात 'विग्गा' लिहिलेला पावाचा वेगळा डबा आला. दर रविवारी तांदळाच्या आणि मक्याच्या पिठाचा पाव तो स्वतः भाजायचा. पहिले काही पाव विटेसारखे झाले. तरी त्याने हार मानली नाही. शाळेच्या फ्रीझरमध्येसुद्धा त्याने विग्गाच्या नावाचे बन नेऊन ठेवले. वर्गात कुणाचा वाढदिवस असला की ते पोर केक आणतं आणि सगळ्यांना वाटतं. त्या वेळी विग्गाने आपला बन काढून खायचा, म्हणजे तिला एकटं पडल्यासारखं वाटायला नको.

सगळं वेगळं केलं. फक्त लोणी तेवढं राहिलं.

लोण्याचं भांडं एस्बेनच्या आईकडून आलेलं. दगडी, जड, निळ्या झाकणाचं. लोण्याच्या बाबतीत एस्बेनचं एकच मत: पावावर ते इतकं जाड हवं की चावल्यावर दातांचा ठसा उमटला पाहिजे. सकाळी डोळे अर्धे मिटलेले, हातात सुरी. माल्थे लवकर निघतो म्हणून आधी त्याचा डबा. सुरी लोण्यात, लोण्यातून रायच्या काळ्या पावावर, पुन्हा लोण्यात, पुन्हा काळ्या पावावर. मग ती सुरी काळ्या पावाच्याच कडेला इकडून-तिकडून पुसायची. झाली स्वच्छ! आणि तीच सुरी पुन्हा लोण्यात घालून, विग्गाच्या वेगळ्या फळीवर, वेगळ्या डब्यातल्या पावाला.

अरे, पुसलीस म्हणजे झालं का! हे मी रोज ओरडायचो. मला दोन कड्या दिल्या, झाकण दिलं, आवाज द्यायला मात्र कारखानावाले विसरले. भुगा लोण्यात, लोणी पावावर, पाव माझ्या पोटात, आणि तिथून विग्गाच्या. हे मी डोळ्यांनी पाहत होतो आणि स्वतःच वाहून नेत होतो.

दुपारच्या जेवणानंतर विग्गा वर्गाच्या कोपऱ्यातल्या गादीवर पोट धरून पडायची. मग शाळेतून एस्बेनला फोन. इस्पितळातल्या आहारवाल्या बाईंनी रक्ताचा अहवाल पाहून सांगितलं, "कुठून तरी हिच्या पोटात जातंय. घरात काही मिसळतंय का, एकदा नीट बघा."

"घरात?" एस्बेन जवळजवळ हसलाच. "माझ्या स्वयंपाकघरात येऊन बघा. जमिनीवर वाढलं तरी खाल."

घरात नाही, म्हणजे शाळेत. शाळेत कोण? तर विग्गा. झालं, चोर ठरला. इतका हिशेबी माणूस, पण आपल्या हाताकडे बघायचं काही त्याला सुचेना.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी माझी झडती सुरू झाली. दार उघडून विग्गा आत आली की जाकीट काढायच्या आधी हुकूम.

"डबा दाखव."

एस्बेन माझं झाकण काढायचा, नाक खुपसून वास घ्यायचा, बोटाने कोपरे चाचपायचा.

"सिलेशी अदलाबदल केलीस?" सिले ही विग्गाची जिवाभावाची मैत्रीण.

"नाही."

"केक होता ना आज? आल्फ्रेडचा वाढदिवस होता, मला माहीत आहे."

"मी माझा बन खाल्ला. फ्रीझरमधला."

"विग्गा, मी रागावणार नाही. फक्त खरं सांग."

"खरंच सांगतेय."

"मग पोट का दुखतं?"

यावर ती पोर काय सांगणार? ती गप्प बसायची, आणि तिचं गप्प बसणं म्हणजे कबुली असं तो धरून चालायचा. "मी रागावणार नाही" असं म्हणणारी मोठी माणसं आधीच रागावलेली असतात, हे मी माझ्या छोट्याशा आयुष्यात पक्कं शिकलो.

वर्गशिक्षिका लिस्बेतशी एस्बेनचं बोलणं झालं. लिस्बेत भली बाई, तिला वाटलं आपण मदत करतोय. दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या वेळी विग्गाला तिच्या टेबलाशी बसवलं.

"तू इथे माझ्याशेजारी बस हं. आपण मजा करू," लिस्बेत म्हणाली.

कसली मजा! सगळा वर्ग खिडकीकडच्या टेबलांवर खिदळतोय, आणि ही शिक्षिकेच्या कॉफीच्या कपाशेजारी, पहाऱ्यात. आल्फ्रेडने तिथून हाक मारलीच, "ए विग्गा, काय चोरलंस गं?" सिलेने त्याला कोपराने ढोसलं, पण जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

त्या दिवशी विग्गाने मला उघडलंच नाही, आणि नंतरही तिचं तेच चाललं. खाल्लं की दुखतं, दुखलं की झडती, मग खायचंच कशाला? पोरीने आपल्यापुरता हिशेब केला. मी भरलेला जायचो आणि भरलेला यायचो. आधी नुसतं गाजर परत यायचं, आता सगळा डबाच. ते वजन मला असह्य व्हायला लागलं.

"आता उपाशी राहून मला छळणार आहेस का?" एस्बेन ओरडला, आणि लगेच तोंड फिरवून सिंकपाशी उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. मला त्याची दया आली आणि त्याच क्षणी ती सुरी त्याच्या हातातून हिसकावून घ्यावीशीही वाटली.

एकदा शाळेतून परत येताना विग्गा बसस्टॉपवर मला मांडीवर घेऊन बसली. झाकणावरच्या कोल्ह्याच्या कानावरून बोट फिरवत म्हणाली, "कोल्ह्या, तू तरी सांग ना त्याला."

मला तोंड असतं, तर मी तेव्हाच बोललो असतो.

मे महिन्यात वर्गाची सहल सामसो बेटावर जायची होती, चांगली आठवडाभर. विग्गाने तिची वर्षभर वाट पाहिली होती. एस्बेन म्हणाला, पाठवायचं की नाही ते बघू.

"सगळे जाणार आहेत, बाबा."

"सगळ्यांचं पोट धड आहे."

शेवटी लिस्बेतने मध्यस्थी केली. विग्गासाठी वेगळं छोटं टेबल, वेगळी सुरी, नवं कोरं लोणी, आणि स्वतः लिस्बेतचं लक्ष. एस्बेनने मला साबणाने घासघासून धुतलं, कधी नव्हे ते अगदी काठावरच्या रबरापर्यंत, आणि रिकामंच तिच्या पिशवीत ठेवलं. निघताना तिला जवळ घेऊन म्हणाला, "तिथे तरी खोटेपणा करू नकोस." मिठी मारतानासुद्धा त्याला हे बोलल्याशिवाय राहवलं नाही!

सामसोला पोरं आपापले डबे स्वतः भरायची. विग्गाने पहिल्या सकाळी भीतभीतच आपला पाव कापला. लोणी लावलं, बापासारखंच जाड. त्यावर चीज, त्यावर काकडी. दुपारी समुद्रकाठच्या दगडांवर बसून तिने मला उघडलं, एक घास घेतला, आणि पुढचं सगळं संपवलं. मग ती वाट बघत बसली. पोट दुखायची वाट.

ते दुखलंच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्याही नाही. उलट रात्री तिने बटाटे दोनदा वाढून घेतले आणि आल्फ्रेडला पळण्यात हरवलं. परत येताना तिचे गाल लाल होते आणि मी इतका हलका होतो की पिशवीत खडखडत होतो.

"बाबा, तिथे एकदाही दुखलं नाही!" तिने दारातूनच सांगितलं.

आता तरी याच्या डोक्यात प्रकाश पडेल, असं मला वाटलं. एस्बेनने तिचे केस विस्कटले आणि सुस्कारा टाकला.

"बघ. लिस्बेतचं लक्ष होतं म्हणून. म्हणजे लक्ष असलं की जमतं तुला."

मी कपाळावर हात मारला असता, पण हातही नाही आणि कपाळही नाही. विग्गाचा चेहरा पार उतरला. झोपायला जाताना ती म्हणाली, "उद्या माझा डबा मी भरणार."

सकाळी ती बापाच्या आधी स्वयंपाकघरात हजर. सहलीतलं उरलेलं लोणी तिने पिशवीतून काढून माझ्या शेजारी ठेवलं. एस्बेन जांभया देत आला आणि नेहमीसारखा माल्थेच्या पावाला लागला. माल्थे टेबलावर डोकं ठेवून अजून साखरझोपेत. विग्गाने आपल्या लोण्याचं झाकण काढलं. मग सहज आजीच्या भांड्यात डोकावली, मग पुन्हा आपल्या लोण्यात. एक स्वच्छ, पिवळसर. दुसरं ठिपक्याठिपक्यांचं.

"बाबा, आपल्या लोण्यात हे काळं काळं काय आहे?"

"कुठे?" एस्बेनने मान वळवून पाहिलं. "ते होय? ते काही नाही गं, माल्थेच्या पावाचा भु..."

तो शब्द त्याच्या तोंडातच राहिला. सुरी हातात, सुरीवर लोणी, लोण्यावर काळा भुगा. त्याने सुरीकडे पाहिलं, विग्गाच्या पावाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. माल्थेने डोकं वर करून विचारलं, "काय झालं?"

एस्बेन खाली फरशीवरच बसला, कपाटाला पाठ लावून.

"तू खरं बोलत होतीस," तो म्हणाला.

"मी सांगत होते."

"हो. रोज सांगत होतीस."

"रोज," विग्गा म्हणाली, आणि मग कुठे ती रडायला लागली. इतक्या झडत्या झाल्या, तिच्या डोळ्यांत मी पाणी पाहिलं नव्हतं. एस्बेनने तिला मांडीवर घेतलं आणि पुन्हापुन्हा एवढंच म्हणत राहिला, "चुकलं माझं. चुकलं गं माझं." मग तिला घेऊन तो शाळेत गेला आणि लिस्बेतच्या देखत, सगळ्या वर्गासमोर तेच बोलला. आल्फ्रेड मान खाली घालून बसला होता. त्या दुपारी विग्गा पुन्हा खिडकीकडच्या टेबलाशी, सिलेच्या शेजारी जेवली.

घरात आवराआवर झाली. दगडी भांडं वर कपाटात गेलं. विग्गाच्या लोण्याला हिरवं झाकण आलं, त्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. आणि मग पाळी आली माझी. माझ्या तळाला चरे पडलेत, रबराच्या खाचेत काय अडकलं असेल कोण जाणे. विग्गासाठी नवा डबा आला. निळा, त्याच्यावर कोल्हा वगैरे काही नाही. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण बरोबरच होतं ते.

मला फेकायला मात्र विग्गाने नकार दिला. "तो बाबाला दे," ती म्हणाली.

तेव्हापासून मी एस्बेनबरोबर त्याच्या सुतारकामाच्या कारखान्यात जातो. काळा पाव, लोणी दातांचा ठसा उमटेल इतकं जाड, आणि आता त्या भुग्याला कुणाची ना नाही. पहिल्या दिवशी सगळे हसले. "काय एस्बेन, बालवाडीत नाव घातलंस का?" तो म्हणाला, "लेकीचा आहे," आणि मुकाट्याने गाजर खाल्लं. हो, गाजर. विग्गा सोलून घालते. ते परत आणायची त्याची हिंमत नाही.

आई-बाबांनो, चिडक्या डब्याचं एक ऐका. लेकराचा डबा हुंगण्याआधी लेकरू काय म्हणतंय ते ऐका. आम्हाला बोलता येत नाही, त्यांना येतं.

संध्याकाळी एस्बेन घरी येतो तेव्हा विग्गा दारातच उभी असते.

"डबा दाखव."

तो निमूटपणे मला पुढे करतो. ती झाकण काढून नाक आत घालते, कोपरे तपासते.

"आज कुणाचा वाढदिवस होता?"

"कारखान्यातल्या प्रेबेनचा."

"केक खाल्लास?"

"एकच तुकडा."

"खरंच एक?"

"खरंच."

ती त्याच्याकडे बघते. एस्बेन श्वास रोखून उभा असतो, आणि काय सांगू, मीसुद्धा.

"बरं," ती म्हणते, आणि माझं झाकण लावते. "माझा विश्वास आहे."