बर्फावरचा काथ्याचा दोर

मित्रांनो, मी मालवणजवळच्या मसुरे गावचा एक जुना काथ्याचा दोर आहे. सुभद्राने खाडीच्या चिखलात नारळाची सोडणं, म्हणजे वरची जाड सालं, कुजवली, बडवून काथ्या काढला आणि मला वळलं. वीस वाव, म्हणजे शंभरावर फूट लांब. तिचा नवरा गंगाराम माडावर चढून नारळ पाडायचा. घरांच्या कौलांवर नारळ पडू नयेत म्हणून तो मला घडाला बांधून तो अलगद खाली सोडायचा. लोक त्याच्या हाताचं कौतुक करत, माझं कोणी करत नसे. पावसाळाभर मी माळ्यावर उंदरांच्या सोबतीला पडून असायचो.

गंगारामचा दोस्त जोगिंदरसिंग जवळच्या कट्टा गावात लॉरी चालवायचा. तिथे राहून मालवणी बोलायला शिकला होता. एकदा जॅक सटकला आणि त्याचा पाय चिरडला. हिमालयातल्या हेमकुंडाच्या गुरुद्वाऱ्याला जायचं त्याच्या मनात फार होतं. "आता नाय जमूचा," तो म्हणाला.

"मी आसंय मरे!" गंगाराम म्हणाला, आणि १९६२ च्या जूनमध्ये मला खांद्यावर टाकून त्याच्यासोबत निघाला.

हेमकुंडाच्या वाटेवरच्या घांघरिया या शेवटच्या मुक्कामाच्या वर चढ उभा होता. जोगिंदर कुबडी टेकत, दर दहा पावलांवर थांबत चढला. पण शेवटच्या टप्प्यात वाटेवर घसरडा बर्फ पसरलेला होता. खाली खोल दरी. आदल्या दिवशी एक यात्रेकरू घसरून जखमी झाला होता. सतरा माणसं परत फिरायच्या बेतात होती.

माडावर अनवाणीच चढणाऱ्या गंगारामने बूट काढले. "बुटात माका बोटां गावनत नाय," तो म्हणाला. माझं एक टोक त्याने खडकाला बांधलं, दुसरं कमरेला. कमरेच्या कोयतीने बर्फात पायऱ्या खणत तो अनवाणी निघाला. मध्यावर त्याचा पाय सुटला. त्याचं सगळं वजन माझ्यावर आलं. पीळ करकरला, पण मी सुटलो नाही! तो उठला, पलीकडे पोचला आणि त्याने मला तिथल्या खडकाला ताणून बांधलं.

"ये रे! ह्यो दोर तुटूचो नाय!"

जोगिंदर मला धरून इंच इंच पुढे आला. मागोमाग सतराही जण. वर हेमकुंडाचा तलाव दिसताच जोगिंदर रडत ओरडला, "बोले सो निहाल!" उत्तर काय द्यायचं ते गंगारामला ठाऊक नव्हतं. त्याने छाती फुगवून गावच्या देवळातल्या गाऱ्हाण्याला देतात तो हुंकार दिला, "व्हय म्हाराजा!" सगळे हसले, आणि मग "सत श्री अकाल!" डोंगरभर घुमलं.

परतताना गंगाराम माझी गाठ सोडू लागला. तेवढ्यात खालून एक म्हातारी माझ्याकडे बघत येताना दिसली. त्याचा हात थांबला.

"हंयच ऱ्हवांदे," तो म्हणाला.

"तुझ्या पोटाचा काय रे?" जोगिंदरने विचारलं.

"सुभद्रा दुसरो वळतली."

तेव्हापासून पाच उन्हाळे झाले. इथल्या गुरुद्वाऱ्याचे सेवादार दर जूनमध्ये मला बांधतात, बर्फ वितळला की उन्हात वाळवून गुंडाळून ठेवतात. मला धरणारा एकही माणूस अजून पडलेला नाही. मित्रांनो, तुमच्या घरच्या दोरालाही असंच जपा. ओला टाकू नका, गुंता करून फेकू नका. आणि कधी इथे आलात, तर हात घट्ट ठेवा. बाकीचं मी बघतो.